जागरण टाळावे

रविवारी सकाळी सव्वासात वाजता अण्णांना त्यांचा ई-मेल उघडता येईना.

त्यांनी पासवर्ड पुन्हा पुन्हा घातला. शेवटी चष्मा पुसून, एका बोटाने, एकेक अक्षर पुटपुटत घातला. पडद्यावर तीच लाल ओळ आली. मग त्यांनी मला हाक मारली.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि सुट्टीला कराडला, घरी आलो होतो. साल २०१०, डिसेंबर महिना. अण्णा पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. घरातला कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात असे आणि त्यावर आईने शिवलेलं कापड असे. कापड काढायचं, घडी करायची, मग बटण दाबायचं, हा क्रम कधी चुकला नव्हता.

"पद्मी, तू काही केलंस का याला?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, तुमच्या कॉम्प्युटरला हात लावायचा तर अर्ज द्यावा लागतो," पद्मजा म्हणाली. "मी कशाला लावू?"

ती हसत म्हणाली, पण उठून आमच्या मागे येऊन उभी राहिली. पद्मजा माझी धाकटी बहीण. सव्वीस वर्षांची, कराडच्याच ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पुढच्या रविवारी तिचा साखरपुडा होता. विट्याचे इंगवले, मुलगा हर्षवर्धन पुण्यात नोकरीला. हॉल ठरला होता, पाहुण्यांना फोन गेले होते.

स्वयंपाकघराच्या दारातून आईने विचारलं, "पद्मीचे कागद आहेत ना त्यात?"

कागद त्यातच होते.

एकोणिसाव्या वर्षी पद्मजाला फिट आली होती. मग वर्षभरात आणखी काही. पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गेल्या पाच वर्षांत एकदाही त्रास झाला नव्हता. दर वेळी पुण्याला जावं लागू नये म्हणून डॉक्टर मेलवर विचारलेल्या शंकांना उत्तरं देत. अण्णा प्रत्येक तपासणीचा कागद स्कॅन करून पाठवत आणि आलेलं उत्तर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत. फोल्डरचं नाव होतं, 'पद्मजा – वैद्यकीय'. आयुष्यभर फायली नीट लावलेला माणूस. शोधणाऱ्याला शोधावंच लागलं नसतं.

विट्याला हे सांगितलेलं नव्हतं. याआधीच्या दोन स्थळांना अण्णांनी स्वतः सांगितलं होतं. दोन्हीकडून चहापाणी झालं, 'तसं काही नाही हो, आजकाल सगळ्याला औषध आहे' असं बोलणं झालं आणि त्यानंतर त्यांनी आमचा फोन उचलला नाही. या वेळी अण्णा म्हणाले होते, साखरपुडा होऊ दे, मग मी स्वतः विट्याला जाऊन सांगतो. मी म्हणालो होतो, आधी सांगा. त्यावर आमचं दिवाळीत वाजलं होतं. पद्मजा त्या भांडणात एक शब्द बोलली नव्हती.

आता तो फोल्डर कुणाच्या तरी हातात होता. ते कोण, आणि त्यातले कागद विट्याला पोचायला किती वेळ, एवढेच प्रश्न होते.

"हॅक झालाय," मी म्हणालो. "आधी तो परत मिळवायला लागेल."

"आधी स्कॅन," अण्णा म्हणाले.

इथे अण्णांच्या अँटिव्हायरसबद्दल सांगायला हवं. त्यांनी तो घेतला नव्हता, त्याची निविदा काढली होती. कॉम्प्युटर आला तेव्हा गल्लीतल्या एकाने फुकट मिळणारा टाकून देतो म्हटलं. अण्णा म्हणाले, फुकट देतोय म्हणजे त्याला काय मिळतंय ते आधी बघायचं. मग त्यांनी बाजारपेठेतल्या तीन दुकानांतून दरपत्रकं आणली. आडवे-उभे रकाने आखून तुलनात्मक तक्ता केला. व्हायरस पकडतो का, पेन ड्राइव्ह तपासतो का, मशीन हळू होतं का, बिघडलं तर फोनवर माणूस मराठी बोलतो का. शेवटच्या रकान्याला त्यांनी सर्वांत जास्त गुण ठेवले होते. ज्या डब्याला सर्वांत जास्त गुण मिळाले तो घेतला आणि डबा कपाटात जपून ठेवला. तेव्हापासून दर रविवारी पूर्ण स्कॅन चाले. तो संपेपर्यंत कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही, शेजारी जोरात चालायचंही नाही.

मी समजावून पाहिलं. म्हणालो, स्कॅनला दोन-तीन तास जातील, तेवढ्यात तो माणूस काहीही पाठवेल. अण्णा म्हणाले, व्हायरस आत बसलेला असताना नवा पासवर्ड घातला तर तोही चोरीला जाईल. यात तथ्य होतं. त्यामुळे आम्ही चौघं त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिलो. पट्टी मध्येच थांबायची आणि पुन्हा सरकायची. आई मध्ये एकदा म्हणाली, याला कळत असेल तर आधी तोच फोल्डर बघ म्हणावं.

फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा सगळे उठले. एकदा हॉलवाल्याचा होता, स्टेजला झेंडू हवा की शेवंती. दुसऱ्यांदा पद्मजाची मैत्रीण.

साडेदहाच्या सुमाराला स्कॅन संपला. हिरवी खूण आली. 'आपला संगणक सुरक्षित आहे.' एकही धोका आढळलेला नव्हता.

अण्णांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांनी शर्ट बदलला आणि दुकानात निघाले. ज्याने डबा विकला त्याला जाब विचारायला. दुकानदाराने काय सांगितलं ते त्यांनी परतल्यावर सांगितलं. त्याने आणखी वरचा, सगळ्याला संरक्षण देणारा डबा दाखवला आणि हाच घ्यायला हवा होता म्हणाला. अण्णांनी त्याला सांगितलं, आता घेईन तो पुन्हा तीन दरपत्रकं मागवूनच.

ते बाहेर पडल्याबरोबर मी खुर्चीत बसलो. पासवर्ड विसरलात का, यावर टिचकी मारली. पडद्यावर प्रश्न आला. आपल्या आईचं माहेरचं आडनाव काय?

अण्णांची आई शिर्क्यांची. मी शिर्के लिहिलं. चूक.

"जगदाळे लिही," पद्मजा मागून म्हणाली. "खातं मी काढून दिलं होतं. प्रश्न मला विचारलाय असं समजून मी आपल्या आईचं लिहिलं."

मी जगदाळे लिहिलं आणि खातं उघडलं. नवा पासवर्ड मागितला गेला. एक मिनिटसुद्धा गेलं नव्हतं. जुना पासवर्ड मला ठाऊक नव्हता, त्याची गरजही पडली नव्हती.

मला आनंद झाला नाही. कुठलाही व्हायरस न लागता कुणी आत कसं गेलं, ते मला त्या क्षणी समजलं होतं. पद्मजालाही समजलं. टेबलाच्या खणात तिच्या बायोडेटाच्या प्रती होत्या. तिने त्यातली एक काढली. वर गणपती, खाली नाव, उंची, शिक्षण. मग 'मामा : श्री. जयवंतराव जगदाळे, मसूर'. आणि सगळ्यांत खाली, संपर्कासाठी, अण्णांचा फोन नंबर आणि ई-मेलचा पत्ता.

आमच्यात मामकूळ, म्हणजे आईच्या माहेरचं घराणं, सांगितल्याशिवाय स्थळ पुढे सरकत नाही. वर्षभरात तो कागद सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे असा निम्म्या पाहुण्यांकडे फिरला होता. मध्यस्थांनी त्याच्या झेरॉक्स काढून आणखी वाटल्या होत्या. घराचा पत्ता आणि दाराची किल्ली आम्ही एकाच पानावर छापून दिली होती.

"म्हणजे कुणीही," पद्मजा म्हणाली.

"ज्याच्याकडे हा कागद आहे तो कुणीही."

मी खात्यात शिरून क्रमाने बघितलं. पाठवलेल्या मेलमध्ये नवं काही नव्हतं. काही पुसलेलं दिसत नव्हतं. कुठे कुठून खातं उघडलं गेलं याची एक यादी असते. तिच्यात शनिवारी संध्याकाळची एक नोंद होती, तिच्यापुढचा आयपी आकडा, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आमचा नव्हता. मी आमच्या दैनिकातल्या सिस्टीमवाल्याला फोन करून तो आकडा वाचून दाखवला. तो म्हणाला, पुणं आहे, डेटा कार्डवरून, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायच्या मोबाइल नेटवरून झालंय, याच्या पुढचं पोलिसांनी विचारलं तरच मोबाइल कंपनी सांगेल. आत जाऊन काय वाचलं ते कळायला मार्ग नव्हता. अण्णांनी सगळे मेल आधीच वाचलेले होते. वाचलेला मेल दुसऱ्याने वाचला तर त्यावर खूण राहत नाही.

मी डॉक्टरांचा सगळ्यात शेवटचा मेल उघडला. नोव्हेंबरातला होता. लग्नाच्या गडबडीत गोळी चुकवू नये, रात्री दहाच्या आत झोप, जागरण टाळावे, उपाशी राहू नये. अण्णांनीच विचारलं होतं, लग्नात काय काळजी घ्यावी म्हणून.

साडेबाराला जयवंतमामांचा मसूरहून फोन आला. हे स्थळ त्यांनीच आणलेलं. ते म्हणाले, विट्याची मंडळी कराडवरून पुढं निघाल्यात, दुपारी तुमच्याकडं डोकावतो म्हणाले, सहज.

साखरपुड्याला आठवडा राहिला असताना मुलाकडचे सहज येत नाहीत. अण्णा नुकतेच दुकानातून आले होते. ते टोपी हातात घेऊन तसेच कॉटवर बसले. म्हणाले, "मोडायला येतायत."

आईने पोह्यांचा डबा काढला.

मी म्हणालो, आपण आपणहून हॅकचं काही बोलायचं नाही, ते काय बोलतात ते ऐकायचं. अण्णांनी मान हलवली. मग मला विचारलं, त्यांनी थेट विचारलं तर? मी म्हणालो, थेट विचारलं तर खरं सांगायचं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही.

तिघं आले. हर्षवर्धनचे वडील बाळासाहेब, त्याची आई आणि थोरले जावई अमरसिंह. या अमरसिंह दाजींनीच हर्षवर्धनला पुण्यात आपल्या कंपनीत लावून घेतलं होतं. हर्षवर्धन स्वतः आला नव्हता, त्याला रविवारचीही रजा नव्हती.

बाळासाहेबांनी पाऊस, ऊस आणि रस्ता यांवर बोलून घेतलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात दुमडलेला कागद होता आणि माझं लक्ष त्यावरून हलेना. तो त्यांनी शेवटी काढला, तेव्हा अण्णांनी बशी खाली ठेवली. मानपानाची यादी होती. आमच्या बाजूच्या दोन नावांची आडनावं त्यांना विचारायची होती.

दाजींनी पोहे घेतले, छान झालेत म्हणाले आणि कापड घातलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"अँटिव्हायरस कुठला वापरता, अण्णा?"

एरवी या प्रश्नावर अण्णांनी तक्ता बाहेर काढला असता. त्या दिवशी त्यांनी नुसतं नाव सांगितलं.

"चांगला आहे," दाजी म्हणाले. "फक्त तो मशीनपुरता. मेलचं त्याच्या हातात काही नसतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते लिंबू पिळत होते.

पद्मजा चहा घेऊन आली तशी हर्षवर्धनच्या आईने तिला शेजारी बसवून घेतलं. तिच्या हाताकडे बघून बांगड्यांचं माप विचारलं. मग आमच्या आईकडे वळून, घरातलं काही ठरवावं तशा आवाजात म्हणाल्या, "ताई, एक सांगायचं होतं. आमच्यात लग्नानंतर गोंधळ असतो. रात्रभर चालतो, जोडीला बसावं लागतं पहाटेपर्यंत. पण आम्ही ठरवलंय, या वेळी दिवे लागले की सुरू करायचा आणि लवकर उरकायचा. दहाच्या आत पद्मजा झोपली पाहिजे."

आई म्हणाली, "बरं होईल."

एवढंच म्हणाली. अण्णा खाली बघत होते. बाळासाहेब बशीतला चहा पीत होते. पद्मजाने हातातला ट्रे हळूच मांडीवर ठेवला.

"गोंधळी कुरकुरतील," बाळासाहेब म्हणाले, "पण त्यांना सांगू, देवीलाच लवकर झोप येते आमच्या."

सगळे हसले. आम्हीही. अर्ध्या तासाने ते पुढे गेले. जाताना दाजी माझ्याशी हात मिळवून म्हणाले, पुण्याला आलात तर फोन करा.

दार लागल्यावर अण्णा आत जाऊन देवापुढे उभे राहिले. त्यांच्या पाठीवरून कळत होतं की ते रडत आहेत. आई म्हणाली, "त्यांना कळलंय आणि तरी करतायत. आणखी काय पाहिजे आपल्याला?"

घरातली सकाळपासूनची भीती तिच्यापुरती संपली होती. माझी संपली नव्हती. 'दहाच्या आत' हे शब्द डॉक्टरांच्या मेलमधले होते. पद्मजा गच्चीवर गेली होती. मी मागोमाग गेलो. ती वाळत घातलेल्या चादरी काढत होती.

"त्यांना माहीत आहे," मी म्हणालो.

"आजाराचं माहीत असणारच. मी हर्षवर्धनला सांगितलंय."

"कधी?"

"दुसऱ्या भेटीत. दिवाळीच्या आधी. अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी भेटूच दिलं नसतं. तो म्हणाला, घरी मी सांगतो, तू काळजी करू नकोस."

म्हणजे अण्णा आणि मी ज्यावरून भांडलो होतो ते तेव्हाच मिटलेलं होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी बातमीदाराला विचारतो तसं विचारत गेलो. नक्की काय सांगितलंस, कोणत्या शब्दांत. तिने सांगितलं, एकोणिसाव्या वर्षी फिट आली, गोळी चालू आहे, पाच वर्षं काही नाही, मूल होताना डॉक्टरांना विचारून गोळी बदलावी लागेल.

"आणि जागरणाचं?"

तिने चादरीची घडी अर्ध्यावर थांबवली.

"ते डॉक्टरांनी नोव्हेंबरात लिहिलं. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. फोनवर बोलतो." ती आठवत होती, ते दिसत होतं. "गोंधळ रात्रभर असतो हे तो एकदा म्हणाला होता. त्यावर मी काय म्हणाले ते आठवत नाही, दादा. म्हणालेही असेन. खरंच आठवत नाही."

"झोपेचं डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात," मी म्हणालो. "त्यांनी कुणा ओळखीच्या डॉक्टरला विचारलं असेल. किंवा दाजींनी हे केलं असेल. लग्नाआधी चौकशी करतातच की. पूर्वी शेजारी विचारायचे, आता हे."

"दाजींनी केलं असेल तर मी एखादे दिवशी त्यांना बोलून मोकळी होईन," ती म्हणाली. "पण हर्षवर्धनने केलं असेल तर?"

मी दोरीवरची दुसरी चादर काढून तिच्या हातात दिली.

"मी त्याला सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, आपणहून सांगितलं. आणि मी सांगितलेलं खरं आहे की आणखी काही लपवलंय, हे त्याने आत जाऊन बघितलं असेल तर? मला विचारायचं सोडून." तिने घडी पुरी केली. "त्याने नुसतं विचारलं असतं तर मी तो फोल्डर त्याच्यापुढे उघडून ठेवला असता."

खाली आल्यावर मी पोलिसांत तक्रार देण्याचा विषय काढला. अण्णा उठून उभे राहिले. म्हणाले, पाहुण्यांच्या दारात पोलीस पाठवणार का, आजच्या दिवशी, ते एवढं समजून घेतायत आणि आपण त्यांच्या पाठीमागे चौकशी लावायची. आई म्हणाली, झालं ते झालं, पासवर्ड बदललास ना, मग. मी म्हणालो, ते नसतीलही, हा कागद शेकडो लोकांकडे आहे, उद्या कुणी दुसरीकडे वापरेल. पण मलाही हे पुढे रेटायचं होतं का, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. तक्रारीतून विट्याचं नाव निघालं तर साखरपुडा उरणार नव्हता आणि चौथं स्थळ आम्ही कुठल्या तोंडाने बघणार होतो?

"खातं अण्णांचं आहे," पद्मजा म्हणाली. "कागद माझे आहेत. सही मी करते."

"पद्मे, लग्न मोडेल," अण्णा म्हणाले.

"मोडणारं असेल तर साखरपुड्याआधी मोडू दे."

सोमवारी सकाळी मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं, संशय कुणावर म्हणून विचारलं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, कुणावरही नाही, फक्त कोण ते कळायला हवं. पैसा गेलेला नाही, बदनामी झालेली नाही, म्हणून त्यांनी गुन्हा नोंदवला नाही, नुसता तक्रार अर्ज घेतला आणि वेळ लागेल असं स्पष्ट सांगितलं. त्या यादीतला आकडा आणि वेळ मी लिहून दिली. मग ती कॉलेजला गेली, दुसरा तास तिचा होता.

तो आठवडा कसा गेला ते सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही. फोन वाजला की अण्णा घड्याळ बघत. आईने साड्या आणल्या पण फॉल-पिको करायला टाकल्या नाहीत. बाळासाहेबांचा गुरुवारी फोन आला, तेव्हा अण्णांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्यांना हॉलचा रस्ता विचारायचा होता. पोलिसांकडून काही आलं नाही. रविवारी साखरपुडा झाला. दोघांनी एकमेकांना अंगठ्या घातल्या. मी दोघांचेही चेहरे नीट बघितले. त्यातून काही कळलं नाही. चेहऱ्यावरून काही कळतं यावर माझा तसा विश्वासही नाही.

फेब्रुवारीत लग्न झालं. विट्याला गोंधळ संध्याकाळी सुरू झाला आणि आरती झाली तेव्हा साडेनऊ वाजले होते. सासूबाईंनी स्वतः पद्मजाला आत नेऊन झोपवलं आणि दाराबाहेर पोरांना दंगा करू दिला नाही.

पोलीस ठाण्यातून पत्र आलं ते लग्नाच्या पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात. तक्रारदार म्हणून पद्मजाचं नाव होतं, पत्ता कराडचा. अण्णांनी ते फोडलं नाही, माझ्याकडे दिलं. पुण्याला जायचंच होतं, मी तिला नेऊन दिलं. हडपसरला त्यांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. दुपारची वेळ होती. हर्षवर्धन कामावर होता.

तिने स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून ते वाचलं. मग मला वाचायला दिलं. सरकारी भाषेत, थोडक्यात होतं. ते डेटा कार्ड पुण्यातल्या एका कंपनीच्या नावावर होतं. कंपनीचं नाव पत्रात होतं. दाजींची आणि हर्षवर्धनची कंपनी तीच. कार्ड एका विभागात सामाईक वापरासाठी दिलेलं होतं. दोघं त्याच विभागात. त्या शनिवारी ते कुणाकडे होतं याची नोंद कंपनीने ठेवलेली नव्हती. पुढे जायचं तर विभागातल्या सर्वांचे जबाब घ्यावे लागतील, तेव्हा तक्रारदारास चौकशी पुढे चालवायची आहे किंवा कसे, ते लेखी कळवावे.

"दोघांपैकी एक," मी म्हणालो.

"किंवा त्या विभागातलं कुणीतरी, ज्याला दाजींनी सांगितलं. किंवा ह्याने." तिने गॅस बारीक केला. "ह्याच्या तोंडून मला जे कळायला हवं होतं, ते अजून कळलेलं नाही."

"त्याला विचारलंस कधी?"

"नाही. त्याला माहीत आहे मी तक्रार दिली ते. साखरपुड्याआधीच सांगितलं होतं."

हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, काय म्हणाला.

"म्हणाला, बरं केलंस." तिने दूध चहात ओतलं. "तेव्हापासून दीड वर्ष झालं. एकदाही त्याने विचारलं नाही, पुढे काय झालं म्हणून."

मी तिला सांगितलं, हे पत्र त्याला दाखव, एका वाक्यात निकाल लागेल. ती म्हणाली, दाखवेन तेव्हा दाखवेन, आधी मला ठरवू दे हे कुणाच्या तोंडून ऐकायचंय. मग तिने पत्राची घडी घातली आणि चहा गाळला. संध्याकाळी हर्षवर्धन आला. मला स्टँडवर सोडायला स्वतः आला, वाटेत अण्णांच्या गुडघ्याची चौकशी केली. पत्राबद्दल तो काही बोलला नाही. त्याला ते आल्याचं ठाऊक होतं की नव्हतं, ते मी सांगू शकत नाही.

त्यांना आता दोन मुली आहेत. गोळी चालू आहे, फिट आलेली नाही. मी नोकरी सोडून कराडलाच आलो आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या कामासाठी ठाण्यात गेलो होतो, तेव्हा तिथल्या हवालदारांना त्या अर्जाचा क्रमांक देऊन विचारलं. त्यांनी शोधून बघितला. अर्ज निकाली निघालेला नाही. पत्र तक्रारदाराला मिळाल्याची पोच आहे. तक्रारदाराचं उत्तर अद्याप आलेलं नाही.